वसईची ग्रामचर्चे

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, वसईची खाडी व वैतरणा नदी यांच्या दरम्यानच्या किनारपट्टीवर, पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेली रोमन कॅथलिक पंथाची गावोगावची उपासनामंदिरे. पापडी, सांडोर, रेमेदी, मर्सेस, गिरिज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर इ. ठिकाणची चर्चे त्यांत मोडतात. यांपैकी अनेकांची स्थापना सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात वा सतराव्या शतकाच्या आरंभी झाली. प्रत्येक चर्चभोवती एक धर्मग्राम संघटित झालेला असून चर्च, त्यापुढील क्रूस, दफनभूमी, धर्मगुरूंचे निवासस्थान व शाळा मिळून त्या गावाचे सार्वजनिक केंद्र बनलेले आढळते. वसईच्या किल्ल्यात राजसत्तेच्या व धर्मसंघांच्या खर्चाने उभारलेली भव्य चर्चे आज छप्पर नसलेल्या भिंतींच्या रूपात शिल्लक आहेत. उलट शेतकरी, बागाईतदार व कोळी यांच्या वस्त्यांतील साधी चर्चे मात्र सुमारे साडेचार शतके वापरात राहिली. या फरकाचे कारण बांधकामाच्या मजबुतीत नसून चर्च कोणाचे होते आणि त्याची डागडुजी कोण करीत होते, यात आहे. म्हणून या वास्तूंचा इतिहास हा मुख्यतः त्यांना सांभाळणाऱ्या गावांचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : उत्तर कोकणातील ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीजांपूर्वीची आहे. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने पश्चिम किनाऱ्यावरील कल्याण येथे बिशप असल्याची नोंद केली आहे. इ. स. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाणे येथे मारले गेले. त्यांच्याबरोबर भारतात आलेला जोर्दानूस हा फ्रान्समधील सेव्हराक गावचा डोमिनिकन संन्यासी होता. त्याने त्यांचे अवशेष सोपारा येथे नेऊन पुरले. ठाणे व सोपारा या बंदरांत त्या काळी नेस्टोरियन पंथाची थोडी ख्रिस्ती कुटुंबे राहत असल्याचे त्याच्या वृत्तांतावरून समजते. ही वस्ती पुढे टिकून राहिली नाही व नंतरच्या चर्चांशी तिचा अखंड संबंध दाखविता येत नाही.

वसई परिसराचे धार्मिक महत्त्वही जुने आहे. सोपारा हे प्राचीन शूर्पारक असून तेथे बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत. निर्मळ हे हिंदूंचे तीर्थक्षेत्र असून तेथील टेकडीवर शंकराचार्यांची समाधी मानली जाते व कार्तिक महिन्यात यात्रा भरते. याच तीर्थाच्या परिसरात पुढे क्रूसाला वाहिलेले चर्च उभे राहिले. वसईच्या ग्रामजीवनातील देवळे आणि चर्चे यांचे निकट साहचर्य निर्मळमध्ये विशेष स्पष्टपणे दिसते.

स्थापना : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. वसई ही पुढे पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. फ्रान्सिस्कन संघाच्या आंतोनियो दो पोर्तो याने या भागात धर्मप्रसाराचे काम सुरू केले. फ्रान्सिस झेव्हिअर १५४४ व १५४८ मध्ये वसईस येऊन गेला आणि त्यानंतर येशू संघाने तेथे आपले केंद्र स्थापन केले. डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघही मागाहून आले. या संघांनी खेडी आपापसांत वाटून घेतली व त्यांच्या देखरेखीखाली धर्मग्राम आकारास आले.

परंपरागत नोंदींनुसार आगाशी येथील संत याकोबाचे चर्च १५५८ मध्ये, सांडोर येथील संत तोमासचे १५६६ मध्ये, नंदाखाल येथील पवित्र आत्म्याचे १५७३ मध्ये, पापडी येथील कृपामातेचे १५७४ मध्ये आणि माणिकपूर येथील संत मायकेलचे १६०६ मध्ये स्थापन झाले. ही वर्षे धर्मग्रामाच्या स्थापनेची आहेत. सध्या उभ्या असलेल्या इमारती अनेक दुरुस्त्यांनंतरच्या आहेत. त्यामुळे स्थापनेचे वर्ष आणि वास्तूचे वय या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात.

स्थापनेच्या या इतिहासाला क्लेशदायक बाजूही आहे. पोर्तुगीज सत्तेने या मुलखातील अनेक देवळे पाडली, हिंदूंच्या सार्वजनिक उपासनेवर निर्बंध घातले आणि अनाथ मुलांना धर्मसंघांच्या स्वाधीन करण्याचे धोरण स्वीकारले. बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर करण्यात आले. धर्मांतरामागे श्रद्धा, सत्तेचा दबाव, सवलतींची अपेक्षा व सामाजिक कारणे यांचे मिश्रण होते. परिणामी काही ठिकाणी कुटुंबेच्या कुटुंबे, तर काही ठिकाणी जवळजवळ सबंध गाव ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नावे व आडनावे देण्याची रीत पडली. परेरा, लोपीस, फर्नांडिस, घोन्साल्विस, मच्याडो ही वसईतील आडनावे त्या काळाची खूण आहेत. तथापि जमीन, पिके, घरातील भाषा, पोशाख आणि जातवार वस्त्या यांत धर्मांतराने फारसा बदल झाला नाही.

वास्तुरचना : वसईच्या ग्रामचर्चांचा मूळ आराखडा साधा आहे. लांबट आयताकार सभागृह, त्याच्या टोकाशी काहीसे अरुंद वेदीगृह, बाजूस धर्मगुरूंची वस्त्रे व पूजासाहित्य ठेवण्याची खोली आणि दर्शनी भागाला लागून एक वा दोन घंटामनोरे, अशी ही मांडणी असते. प्रवेशद्वारावर अर्धवर्तुळाकार कमान, तीवर खिडक्या वा कोनाडे आणि सर्वांत वर त्रिकोणी वा वक्र शिरोभाग, असा दर्शनी भागाचा क्रम आढळतो. ही रचना पोर्तुगालमधील प्रबोधनोत्तर चर्चांवरून घेतलेली असली, तरी साहित्य व कारागीर स्थानिक होते. भिंती काळ्या दगडाच्या व चुन्याच्या असून त्यांवर जाड गिलावा दिलेला असे. मुसळधार पावसामुळे छपरे उतरती ठेवून त्यांना लाकडी आढी व कौले वापरीत. मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू झाल्यानंतर जुन्या नळीच्या कौलांची जागा हळूहळू मंगळुरी कौलांनी घेतली.

वसईचा घडीव दगड त्या काळी प्रसिद्ध होता. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागाचे कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या दगडात केलेले आहे. खेड्यांतील चर्चांना असा खर्च झेपणारा नव्हता. तेथे दगडी कोरीव काम प्रवेशद्वाराच्या चौकटीपुरते व क्रूसाच्या चौथऱ्यापुरते मर्यादित राहिले. कलाकुसर प्रामुख्याने आतील भागात, म्हणजे वेदीमागील लाकडी पटलांत, मूर्तींच्या देव्हाऱ्यांत व प्रवचनपीठात दिसते. ही पटले स्तंभ, वेलबुट्टी व देवदूतांच्या आकृतींनी सजविलेली असून त्यांवर सोनेरी मुलामा दिलेला असतो.

चर्चच्या प्रांगणातील क्रूस हा या वास्तूंचा महत्त्वाचा घटक होय. उंच चौथऱ्यावरील हा दगडी क्रूस चर्चइतकाच पूज्य मानतात. असेच लहान क्रूस गावाच्या वेशीवर, विहिरीजवळ व आळ्यांच्या तोंडाशी आढळतात. त्यांच्यासमोर वस्तीतील लोक जमून संध्याकाळी प्रार्थना करतात. क्रूसापुढे दिवा लावण्याची, त्यास हार घालण्याची प्रथा स्थानिक लोकाचारातून आली आहे.

किल्ल्यातील चर्चे व त्यांची अवस्था : ग्रामचर्चांचे वेगळेपण किल्ल्यातील चर्चांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. किल्ल्यातील संत जोसेफचे मुख्य चर्च सोळाव्या शतकाच्या मध्यास उभारण्यात आले. गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिश याच्या कारकीर्दीत १६०१ मध्ये ते नव्याने बांधण्यात आल्याचा शिलालेख आहे. याखेरीज फ्रान्सिस्कन, येशू संघ, डोमिनिकन व ऑगस्टिनियन यांची मोठी चर्चे व मठ किल्ल्यात होते. मे १६१८ मधील चक्रीवादळाने शहरातील चर्चांची छपरे उडाली, तर १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईवर हल्ला करून चर्चे लुटली. दोन्ही वेळा राजसत्ता व संघ यांच्या पैशातून त्यांची डागडुजी झाली. १७३९ नंतर हा आधार संपला. शहरातील पोर्तुगीज रहिवासी निघून गेल्याने तेथे उपासकच उरले नाहीत. १७८० मध्ये इंग्रजांच्या वेढ्यात किल्ल्याचे आणखी नुकसान झाले. पुढे इंग्रजी अमलात किल्ल्यातील जमीन ऊसलागवडीसाठी पट्ट्याने दिली गेली व पडक्या इमारतींचा दगडही उचलला गेला. आज किल्ला केंद्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. वसईत जन्मलेला व ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मारला गेलेला संत गोन्सालो गार्सिया (संतपद १८६२) याचा सण किल्ल्यातील येशू संघाच्या जुन्या चर्चमध्ये साजरा करतात. हा अपवाद सोडल्यास किल्ल्यातील चर्चे ही उपासनास्थळे न राहता अवशेष बनली आहेत.

मराठी अमलानंतर : साष्टी बेट १७३७ मध्ये व वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी जिंकला. किल्ला स्वाधीन करण्याच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपल्या धर्माचे पालन करण्याची मोकळीक देण्यात आली होती. युरोपीय धर्मगुरू पोर्तुगीज फौजेबरोबर निघून गेले आणि त्यांच्या मठांची मिळकत संपुष्टात आली. युद्धाच्या धामधुमीत अनेक चर्चे पडली वा ओस झाली. काही ख्रिस्ती कुटुंबे शुद्धी करून हिंदू समाजात परतली. बहुसंख्य कुटुंबे मात्र ख्रिस्ती राहिली.

वसईच्या ग्रामचर्चांच्या इतिहासातील हा निर्णायक टप्पा होय. ज्या सत्तेने ती स्थापन केली, तिचा आधार पूर्णपणे नाहीसा झाला होता. सत्तेच्या दबावाने वा लाभाने जे उभे राहिले होते, ते सत्तेबरोबरच कोसळावयास हवे होते. परंतु तसे झाले नाही. दोन शतकांत चर्च हे जन्म, विवाह व मृत्यू यांच्याशी जोडले गेले होते आणि गावच्या पूर्वजांच्या अस्थी त्याच्या आवारात होत्या. युरोपीय धर्मगुरूंची जागा गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंनी घेतली. त्यांची संख्या थोडी असल्यामुळे एकेकाकडे अनेक गावे असत. धर्मगुरू नसताना प्रार्थना चालविणे, मुलांना धर्मशिक्षण देणे व चर्चची शाकारणी करणे ही कामे गावातील जाणत्या माणसांवर आली. चर्चच्या निधीची व्यवस्था पाहणारी मंडळे आणि सणाचा खर्च उचलणारे बंधुसंघ यांमुळे लोकांचा कारभारातील वाटा वाढला.

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालच्या राजाचा धर्मक्षेत्रातील पारंपरिक अधिकार आणि रोमने थेट नेमलेले धर्माधिकारी यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. १८८६ च्या करारानुसार दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला व वसईची चर्चे त्याच्याकडे गेली. १९२८ मध्ये ती मुंबईच्या आर्चबिशपांच्या अधिकारक्षेत्रात आली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन होऊन पापडीच्या कृपामाता चर्चला मुख्य चर्चचा दर्जा मिळाला. अशा रीतीने किल्ल्यातील मुख्य चर्चचे स्थान एका ग्रामचर्चकडे आले.

घंटा : १७३९ च्या विजयानंतर वसई व आसपासच्या चर्चांतील अनेक घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या व त्या निरनिराळ्या देवळांना अर्पण केल्या. वाईजवळील मेणवली येथे कृष्णेच्या घाटावरील देवळात १७०७ हे वर्ष कोरलेली मोठी घंटा असून तिच्यावर बाल येशूसह मरियेची आकृती आहे. नासिक येथील नारोशंकराच्या देवळावरील १७२१ ची घंटा, ‘नारोशंकराची घंटा’ या वाक्प्रचाराने मराठीत रूढ झाली आहे. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर, पुणे शहरातील ओंकारेश्वर आणि शिरूर येथील रामलिंग या देवस्थानांतील घंटाही वसईच्या मोहिमेतून आल्याचे सांगितले जाते. ओंकारेश्वराच्या परिसरातच चिमाजी आप्पांची समाधी आहे.

ओतीव कांस्याच्या या घंटा आकाराने देवळातील नेहमीच्या घंटांपेक्षा मोठ्या असून त्यांचा नाद दूरवर पोहोचतो. त्यांच्यावरील क्रूस, रोमन लिपीतील अक्षरे व ख्रिस्ती वर्षांक बहुधा पुसून टाकलेले नाहीत. वसईच्या शेतमळ्यांतून प्रार्थनेची वेळ सांगणारी घंटा आज घाटमाथ्यावरील वा देशावरील शिवालयात भाविक वाजवितात. शिरूर, शिक्रापूर, खेड या बाजूंच्या यात्रेकरूंना ती देवळाचीच वाटते आणि उपयोगाच्या दृष्टीने ती देवळाचीच झालेली आहे. वसईच्या गावांनी आपल्या मनोऱ्यांसाठी कालांतराने नव्या घंटा मिळविल्या. एकाच वस्तूला दोन श्रद्धांच्या इतिहासात स्थान मिळाल्याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

भाषा व लोकाचार : वसईचा ख्रिस्ती समाज एकजिनसी नाही. उत्तरेकडील नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरिज या पट्ट्यात सामवेदी वा कुपारी समाजाची, दक्षिणेकडील पट्ट्यात वाडवळ समाजाची, तर खाडी व समुद्र यांच्या काठी कोळ्यांची वस्ती आहे. या समाजांची सामवेदी (कादोडी), वाडवळी इ. बोलीरूपे मराठीचीच आहेत. मुंबई, साष्टी व वसई भागांतील मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ च्या सुमारास ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले; मात्र वसईच्या खेड्यांत आपापल्या समाजाचे जुने नावही चालू राहिले.

चर्चमधील मुख्य विधी दीर्घकाळ लॅटिनमध्ये होत असत. लोकांची प्रार्थना व कथागीते मात्र त्यांच्या बोलीत होती. फादर स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणानंतर (१६१६) फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश याने १६५९ मध्ये उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीशी जवळीक साधणारे पुराण रचले. येशूच्या दुःखभोगाची कथा सांगणारी अशी पुराणे ईस्टरपूर्व उपवासकाळात वाचण्याची प्रथा ठाणे जिल्ह्यात होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेस मान्यता दिल्यावर मिस्साविधी मराठीत होऊ लागला. अनेक वृद्ध वसईकर चर्चला ‘देऊळ’ असेच म्हणत. नाताळ, पाद्री, क्रूस हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले असले, तरी ‘देऊळ’ हा जुना शब्द लोकांनी सोडला नाही. उलट काही गावांची नावेच चर्चवरून पडली. उपचारांची माता या अर्थाच्या पोर्तुगीज नावावरून रेमेदी आणि दयेची माता या अर्थाच्या नावावरून मर्सेस ही ग्रामनामे बनली. रेमेदी मातेच्या दर्शनास हिंदू भाविकही येतात.

शेतीचे ऋतुचक्र चर्चच्या वार्षिक क्रमात सामावले गेले आहे. ऑक्टोबरच्या आरंभी येणाऱ्या ‘आगेरा’ या सणात भाताच्या पहिल्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेतात व त्या घरोघर वाटतात. विवाहाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचे पाणी आणण्याचा ‘उंबराचे पाणी’ हा विधी असतो. लग्नगीते, हळद, लुगड्याचा विशिष्ट पेहराव व सोन्याचे पारंपरिक दागिने यांतून जुन्या समाजांचे संस्कार दिसतात. चर्चच्या आश्रयदात्या संताचा सण हा गावचा वार्षिक उत्सव असून त्यासाठी लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली व नोकरीनिमित्त बाहेर असलेले लोक आवर्जून परततात.

शिक्षण व सहकार : विसाव्या शतकात ग्रामचर्चांचे कार्य उपासनेपुरते मर्यादित राहिले नाही. चर्चच्या आवारात वा शेजारी प्राथमिक व पुढे माध्यमिक शाळा निघाल्या. त्यांतील शिक्षण मुख्यतः मराठी माध्यमातून होत असे व त्यांचा लाभ सर्व धर्मांच्या मुलांना मिळाला. सावकारी कर्जात अडकलेल्या बागाईतदारांसाठी मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये सहकारी पतसंस्था स्थापन झाली. तीच पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून विकसित झाली. १९५५ मध्ये सुवार्ता हे मराठी मासिक सुरू झाले. नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी ते दीर्घकाळ संपादित केले. त्यांच्या सुबोध बायबलला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला व २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या पदावर निवड झालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू होत. वसईची पाणथळ जमीन, विहिरी व बागा यांच्या रक्षणासाठी १९८० नंतरच्या दशकात झालेल्या हरित वसई चळवळीचे नेतृत्वही त्यांनी केले. या चळवळीत हिंदू व ख्रिस्ती गावकरी एकत्र आले होते.

फ्रान्समधील ग्रामचर्चांशी तुलना : ग्रामचर्च सांभाळायचे कोणी, हा प्रश्न वसईपुरता नाही. फ्रान्समध्ये १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. १७९३ च्या आदेशाने प्रत्येक धर्मग्रामास एकच घंटा ठेवून बाकीच्या तोफा ओतण्यासाठी काढून घेण्यात आल्या. पुढे ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने धर्म व राज्य यांची फारकत झाली. त्यानंतर जुन्या ग्रामचर्चांची मालकी गावच्या नगरपालिकांकडे राहिली व त्यांचा उपयोग उपासकांकडे आला. इमारत सर्व नागरिकांची व उपासना श्रद्धावंतांची, अशी ही विभागणी आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचे सरकारी काम तेथे १८३४ पासून लेखक प्रॉस्पेर मेरिमे याने निरीक्षक म्हणून वाढविले आणि १९१३ च्या कायद्याने त्याला दृढता आली. तथापि खेड्यांतील लोकसंख्या घटली व उपासकांची संख्या रोडावली. त्यामुळे लहान गावांना चर्चच्या छपराचा खर्चही जड जातो.

वसईतील स्थिती बऱ्याच अंशी उलट आहे. येथे चर्चची मालकी व निगा धर्मग्राम आणि धर्मप्रांत यांच्याकडे आहे, राज्याचा त्यात भाग नाही. रविवारच्या मिस्सेला जागा अपुरी पडते. फ्रान्समधील चर्चला धोका आहे तो माणसे नसण्याचा, वसईतील जुन्या चर्चला तो माणसे वाढण्याचा. दोन्हीकडील अनुभवाचा निष्कर्ष मात्र सारखाच आहे. वास्तूचे आयुष्य तिच्या कायदेशीर दर्जापेक्षा तिच्याविषयी आपलेपणा बाळगणाऱ्या लोकांवर अधिक अवलंबून असते.

जतनाचे प्रश्न : मुंबईच्या सान्निध्यामुळे वसई–विरार पट्ट्याचे वेगाने नागरीकरण झाले. २००९ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी वसई तालुका नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. केळी, फुले व नागवेलीच्या पानांच्या बागा कमी होऊन इमारती वाढल्या. उपासकांच्या वाढत्या संख्येस सामावून घेण्यासाठी अनेक चर्चांच्या बाजूच्या भिंती पाडून सभागृहे रुंद करण्यात आली. कौलारू छपराऐवजी काँक्रीटचे छत, चुन्याच्या गिलाव्याऐवजी सिमेंट व जुन्या फरशीऐवजी नव्या लाद्या बसविण्यात आल्या. सिमेंटचा थर जुन्या दगडी भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही व त्यामुळे दगड आतून झिजतो. म्हणून सद्‌हेतूने केलेली दुरुस्तीही हानिकारक ठरू शकते. लाकडी पटलांवर नवे रंग दिल्याने मूळ मुलामा झाकला जातो.

तथापि या चर्चांना केवळ प्रेक्षणीय अवशेषांप्रमाणे गोठवून ठेवणेही त्यांच्या स्वभावाशी विसंगत होय. ती आजवर टिकली ती प्रत्येक पिढीने त्यांत काही बदलल्यामुळेच. शाकारणी, रंगकाम, वाढीव बांधकाम हे त्यांच्या जीवनक्रमाचे भाग आहेत. म्हणून जतनाचा व्यवहार्य मार्ग म्हणजे जे पुन्हा निर्माण करता येणार नाही, त्याची प्रथम नोंद करून रक्षण करणे. दर्शनी भाग, दगडी चौकटी, वेदीची लाकडी पटले, समाधिशिला, प्रांगणातील क्रूस व धर्मग्रामाच्या नोंदवह्या ही त्यांची उदाहरणे होत. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांना विशेष महत्त्व आहे. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–६३) बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला. ज्या समाजाचा लिखित इतिहास फारसा नाही, त्याच्या सामान्य माणसांची नावे, त्यांची गावे, नातेसंबंध व साथींत झालेले मृत्यू या वह्यांतूनच कळू शकतात.

वसईच्या ग्रामचर्चांच्या वाटचालीत पोर्तुगीज राजसत्तेची बळजबरी, मराठ्यांचा विजय, इंग्रजी अंमल आणि स्वतंत्र भारतातील नागरीकरण यांचे ठसे एकावर एक उमटलेले आहेत. परकीय राज्यकर्त्यांनी रोवलेली संस्था स्थानिक लोकांनी आपल्या भाषेत, आपल्या ऋतूंत व आपल्या श्रमाने सांभाळून स्वतःची केली. या वास्तूंचे वारसामूल्य मुख्यत्वे या रूपांतरात आहे.